दायमाबादची कांस्यशिल्पे

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या तीरावरील दायमाबाद येथे १९७४ साली मिळालेली चार ओतीव धातुशिल्पे. झुडूप मुळासकट खणून काढताना ती एका गावकऱ्याच्या हाती लागली.

शिल्पे भरीव असून चारांचे मिळून वजन साठ किलोग्रॅमहून अधिक भरते. हत्ती, गेंडा व रेडा ही तीन चाकांवरची. हत्तीची चाके गेली आहेत, पण बैठकीखाली आस ओवण्याची भोके शिल्लक आहेत. चौथे शिल्प सुमारे ४५ सेंमी. लांब : दोन बैल जुंपलेले दुचाकी वाहन, त्यावर उभा पुरुष आणि दांडीवर कुत्रा. यास रथ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. बैल व भरीव चाके पाहता छकडा म्हणणे अधिक योग्य.

शिल्पांचा काळ वादग्रस्त आहे. हे स्थळ १९५८ मध्ये उजेडात आले व एम. एन. देशपांडे (१९५८–५९), एस. आर. राव (१९७४–७५) आणि एस. ए. साळी (१९७५–७९) यांनी तेथे उत्खनने केली. सावळदा, उत्तर हडप्पा (सिंधू संस्कृतीचा अखेरचा टप्पा), दायमाबाद, माळवा व जोर्वे असा तेथील संस्कृतींचा जुन्याकडून नव्याकडे क्रम लागतो. तिघांनीही शिल्पे उत्तर हडप्पा काळातील (साळींच्या कालक्रमानुसार स्थूलमानाने इ. स. पू. २३००–१८००) मानली. उलट, त्यांत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आहे आणि अन्य ताम्रपाषाणयुगीन (तांबे व दगड दोन्ही वापरात असलेल्या काळातील) वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही, या आधारे पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी ती ऐतिहासिक काळातील असू शकतील असे सुचविले. शिल्पे पद्धतशीर उत्खननात मिळालेली नसल्याने केवळ थरांच्या पुराव्यावर हा वाद मिटत नाही.

तथापि आर्सेनिक तांब्याच्या मूळ धातुकातूनही येऊ शकते, ते मुद्दाम मिसळलेले असेलच असे नाही; शिवाय सिंधू खोऱ्यातील काही ताम्रवस्तूंतही ते आढळले आहे. गेंडा हडप्पा मुद्रांवर (शिक्क्यांवर) वारंवार येतो आणि हडप्पा लिपीची चिन्हे असलेल्या मुद्रा दायमाबादलाही मिळाल्या आहेत. त्यामुळे उत्खनकांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

तांबे व कथील यांची मिश्रधातू ती कांस्य, हा रूढ अर्थ. आर्सेनिकयुक्त तांब्यालाही पुरातत्त्वात कांस्य म्हणतात. दोन्हींत शुद्ध तांब्याहून कठीणपणा अधिक असतो व ओतकाम सोपे जाते. वाट्याथाळ्यांचे कासे याहून निराळे : त्यात कथील सुमारे २२ टक्के, म्हणून ते खणखणीत वाजते आणि आपटल्यास तडकते.

एवढी जड शिल्पे मुलांची खेळणी नसावीत. ती धार्मिक मिरवणुकीत ओढली जात असावीत, असा तर्क केला जातो.