थाई घरगुती स्वयंपाक

थायलंडमधील घरोघरच्या रोजच्या जेवणाची रीत. टॉम यम हे आंबट-तिखट सूप, हिरवी करी, पॅड थाई या परतलेल्या नूडल्स, ही नावे हॉटेलांनी जगभर नेली. कोळंबीच्या टॉम यमला २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही जागा मिळाली. पॅड थाई तर पंतप्रधान फिबूनसोंग्क्राम यांच्या राजवटीत (१९३८–४४) राष्ट्रीय पदार्थ म्हणून मुद्दाम पुढे आणलेला. घरचे जेवण या यादीवरून कळत नाही. ते भात आणि खलबत्ता यांवर चालते.

जेवणे याला थाई भाषेत ‘किन खाव’ म्हणतात, म्हणजे भात खाणे. भेटलेल्या माणसाला ‘किन खाव रू यांग’ (भात खाल्ला का?) असे विचारले की ख्यालीखुशाली विचारल्यासारखे होते. भाताखेरीज पानात जे काही पडेल ते सगळे ‘कप खाव’, भातासोबतचे. आपण चटणी-लोणच्याला तोंडीलावणे म्हणतो. तिथे मासे, मांस, करी हे सारेच तोंडीलावणे ठरते. मध्य भागात ‘खाव होम मली’ हा सुवासिक तांदूळ मानाचा. ‘मली’ म्हणजे मोगरा, पण वास बासमतीच्या जवळचा. त्याचे १०५ क्रमांकाचे प्रसिद्ध वाण १९५९ साली प्रसारित झाले. उत्तरेत आणि ईशान्येकडच्या इसान भागात चिकट तांदूळ रात्रभर भिजवून बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाफवतात आणि हाताने त्याची गोळी करून कालवणात बुडवून खातात. इतरत्र उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा. काट्याचे काम घास चमच्यात ढकलण्यापुरतेच. चॉपस्टिक्स लागतात त्या मुख्यतः नूडल्सना.

खलबत्त्याला ‘ख्रोक’ म्हणतात. तो दोन प्रकारचा. मसाला आणि चटणी वाटायला जड दगडी ख्रोक, त्यासाठी चोनबुरी प्रांतातील आंग सिला हे किनाऱ्यावरचे गाव प्रसिद्ध आहे. दुसरा मातीचा, खोल, लाकडी बत्त्याचा. तो कच्च्या पपईच्या ‘सोम ताम’ या कोशिंबिरीसाठी. त्यात पपईचा कीस वाटायचा नसतो, नुसता चेचायचा असतो. एका हातात बत्ता, दुसऱ्या हातात चमचा, एकीकडे ठोकायचे आणि दुसरीकडे खालचे वर करत राहायचे. सासू म्हणे सुनेची पारख ख्रोकच्या ठोक्यांच्या लयीवरून करत असे.

दगडी ख्रोकमधला खरा घरचा पदार्थ म्हणजे ‘नाम फ्रिक’. त्याला ठेच्याचा भाऊ म्हणायला हरकत नाही, फक्त तो पातळसर, आंबटगोड आणि समुद्राच्या वासाचा असतो. सर्वांत रुळलेला प्रकार ‘कपी’चा. (माकडाशी संबंध नाही. मीठ घालून, उन्हात वाळवून, कुटून मुरवलेल्या जवळ्याच्या गोळ्याला कपी म्हणतात.) केळीच्या पानात गुंडाळून कपी भाजायची, लसणाबरोबर वाटायची, मग तिखट मिरच्या घालून जरा दमाने ठेचायच्या. त्यात ताडगूळ, लिंबाचा रस आणि ‘नाम प्ला’ हे माशाचे खारवलेले, मुरवलेले पाणी. वर वाटाण्याएवढी कडवट वांगी टाकून बत्ता हलकेच फिरवायचा, ती फुटली पाहिजेत, पण मोडता कामा नयेत. ही एक वाटी मधे ठेवतात. भोवती काकडी, उकडलेल्या भाज्या, भाजी घातलेल्या ऑम्लेटचे तुकडे आणि तळलेला ‘प्ला थू’. हा मासा आपल्या बांगड्याचा सख्खा नातेवाईक. मे क्लोंगच्या बाजारात तो वाफवून छोट्या गोल टोपल्यांत मिळतो आणि टोपलीत मावावा म्हणून त्याची मान मोडून खाली वळवलेली असते. खाली मान घातलेले ते मासे पाहून ओशाळल्यासारखे वाटते.

मिरची इथे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमुळे आली असे मानतात. १५१० मध्ये गोवा घेतलेल्या आल्बुकर्कचा दूत पुढच्याच वर्षी अयुथया या तेव्हाच्या थाई राजधानीतल्या दरबारात पोहोचला होता. त्याआधी तिखटपणाचा भार मिरीवर होता आणि ‘फ्रिक’ हे तिचेच नाव होते. नवी मिरची ते नाव घेऊन बसली. मिरी ‘फ्रिक थाई’ म्हणजे थाई मिरची झाली. मराठीने उलट केले, मिरीचे नाव राखले आणि पाहुणीला त्यावरून मिरची म्हटले. लवंगीसारख्या बारीक मिरचीला थाई लोक ‘फ्रिक खी नू’, उंदराची लेंडी, म्हणतात.

मराठी वाचक सर्वांत जास्त दचकेल तो ‘फत कफ्राव’जवळ. कफ्राव म्हणजे आपली तुळस. लसूण आणि मिरची ठेचून कढईत परतायची, त्यात डुकराचा किंवा कोंबडीचा खिमा, नाम प्ला, किंचित साखर आणि शेवटी मूठभर तुळस. भातावर कडा कुरकुरीत झालेले तळलेले अंडे. काय खावे सुचत नसले की लोक हेच मागवतात. हिरव्या करीतली ‘होरफा’ ही गोडसर वासाची पाने निराळी. बाहेरच्या कृतींत दोन्हींचा घोटाळा फार होतो.

वाटणात गवती चहाचे दांडे, आल्याच्या जातीचा गलंगल आणि कोथिंबिरीची मुळे. ही मुळे आपण निवडताना फेकून देतो. तिथे मुळे, लसूण आणि मिरी हे त्रिकूट अनेक पदार्थांच्या बुडाशी असते. करीसाठी नारळाचे घट्ट दूध तेल सुटेपर्यंत आटवून त्यात वाटण परततात. जिरे, धणे, वेलची, दालचिनी यांची ‘मस्समन’ करी मुसलमान व्यापाऱ्यांच्या संबंधांतून आलेली. दुसरा राम या थाई राजाने (राज्यकाल १८०९–२४) तिची तारीफ काव्यात केली आहे.

पेयांत कापडी गाळणीतून उंचावरून ओतलेला, आटवलेल्या गोड दुधाचा नारिंगी ‘चा येन’ हा थंड चहा सर्वांना माहीत असतो. घरगुती सरबते अधिक ओळखीची निघतात: वाळवलेल्या बेलफळाच्या चकत्या उकळून केलेले ‘मतूम’, गवती चहाचे पाणी, आणि लिंबू पिळताच निळ्याचे जांभळे होणारे गोकर्णाच्या फुलांचे सरबत.

शहरांत आता चूल रोज पेटतेच असे नाही. संध्याकाळी कामावरून परतताना कोपऱ्यावरच्या गाडीवरून दोन-तीन कालवणे घ्यायची, घरी फक्त भात लावायचा. अशा गृहिणीला ‘प्लास्टिक पिशवीवाली गृहिणी’ म्हणतात, थोडे टोचून. पातळ करी पिशवीत ओतून, हवा कोंडून, तोंडाशी रबरबँडचे झपाझप वेढे देतात. पिशवी फुगून उशीसारखी होते आणि बसच्या गर्दीतही सांडत नाही. नाम फ्रिकची चिमुकली पिशवी वेगळी बांधून देतात, काकडीच्या पिशवीसकट.