कुणाच्या हातचं खायचं? समावेशक खाद्यउद्योगांची पार्श्वभूमी

गेल्या दहा-बारा वर्षांत अपंग व्यक्तींना बरोबर घेऊन चालणारी उपाहारगृहं महाराष्ट्रात दिसू लागली. पवईत २०१५ साली 'मिर्ची अँड माइम' सुरू झालं. तिथे वाढपाचं काम ऐकू न येणाऱ्या तरुण-तरुणींकडे होतं, आणि मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थासोबत त्याची हाताची खूण छापलेली असे. यश चॅरिटेबल ट्रस्टने आधी डबे पुरवायला सुरुवात केली आणि त्यातूनच २०१८ साली जुहूला 'कॅफे अर्पण' उभं राहिलं. स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेली मंडळी तिथे स्वयंपाकापासून गल्ल्यापर्यंतची कामं करतात.

या बातम्या वाचताना हे सगळं आत्ताच कुणाला तरी सुचलं असं वाटतं. तसं नाही. कारखान्याच्या फाटकाबाहेर राहिलेल्यांनी चुलीच्या आधाराने पोट भरल्याची परंपरा आपल्याकडे बरीच जुनी आहे. प्रत्येक वेळी त्यांच्या वाटेत एकच प्रश्न आडवा आला, तो म्हणजे यांच्या हातचं खायचं का? आपल्या समाजात हा प्रश्न किती खोलवर रुतलेला आहे ते समजून घेतल्याशिवाय आजच्या कॅफेंचं मोल कळणार नाही.

सुरुवात गिरणगावापासून करायला हवी. मुंबईतली पहिली कापडगिरणी काढण्यासाठी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापन केली. पुढच्या काही दशकांत कोकणातून आणि घाटावरून माणसांचे लोंढे आले. बायकामुलं गावी आणि पुरुष चाळीतल्या खोलीत, दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपणारे. त्यांच्या जेवणाची सोय खाणावळवाल्या बायांनी केली. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणाच्या घरी आजारी माणूस. गिरणीत बायका होत्या, पण विसाव्या शतकात त्यांचं प्रमाण घटत गेलं. रात्रपाळीवरची बंदी आणि १९२९चा प्रसूती लाभ कायदा यांचं निमित्त करून मालकांनी त्यांना कमी केलं. मग उरली ती स्वतःची चूल.

खाणावळी बहुधा गाववार आणि जातवार असत. आपल्या गावची, आपल्या भाऊबंदांतली बाई आणि तिच्या हातची आपल्याकडची चव. कुळथाची पिठी, आमसूल, सुकट, तांदळाची भाकरी असा गावाकडचा जिन्नस एसटीने किंवा बोटीने मुंबईला यायचा. आज ज्याला 'स्थानिक घटक' म्हणतात, ते त्या बायांसाठी गावाहून येणाऱ्या माणसाच्या हातचं गाठोडं होतं. त्या चवीत माया होती हे खरं, आणि त्याच चवीभोवती जातीचं कुंपण होतं हेही तितकंच खरं. दोन्ही सांगायला हवं.

कुंपण गिरणीच्या आतही होतं. विणकामाच्या, म्हणजे साचेखात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं लाकडी साधन. त्यातली कांडी बदलली की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्यांच्या ओठाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावायचा का, अशी इतर कामगारांची हरकत होती. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला. कापडाच्या धाग्याची ही कथा, तर अन्नाचं काय असणार?

खाणावळवाल्या बायांकडे पुन्हा वळू. त्यांची अडचण रोख पैशाची होती. जेवणारे पगार झाला की पैसे देणार, वाण्याला मात्र आधी द्यायचे. उधारीचा माल महाग आणि हलका, सावकाराचं व्याज वेगळं, आणि संप झाला की सगळंच थांबलेलं. तरीही संपकाळात या बायांनी दागिने गहाण टाकून कामगारांना जेवू घातलं. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि नंतर मुंबईत कामगार चळवळीत वावरणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी हे जवळून पाहिलं. कामगारांची युनियन आहे, त्यांना जगवणाऱ्या बाईचं काय, या विचारातून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ साली झालेलं होतं, गरिबांना कर्ज देण्याचं धोरण कागदावर होतं. तारण ठेवायला काही नसलेल्या बायांचे गट करून, एकमेकींची हमी घेऊन, मंडळाने त्यांना बँकेच्या दारात नेलं. मला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत महत्त्वाचं पाऊल वाटतं. 'उद्योगिनी' म्हणून सत्कार करण्याआधी त्यांच्या हातात भांडवल दिलं गेलं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि खाणावळींचा पायाच खचला. तेव्हा मंडळाने कँटीन आणि केटरिंगची कामं धरली.

त्याच्या आधीची घटना गिरगावातली. १५ मार्च १९५९ला लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तीच पुढे लिज्जत झाली. पहिल्या पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं, कारण पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. एवढ्या साध्या तोडग्यावर बाराही महिने मिळकत सुरू झाली. पीठ केंद्रावर मळायचं, लाट्या घरी न्यायच्या, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड आणून द्यायचे आणि 'वणाई', म्हणजे लाटण्याची मजुरी, घेऊन जायचं, अशी कामाची वाटणी बसली. घराबाहेर दिवसभर राहू न शकणाऱ्या बाईलाही काम मिळालं ते या वाटणीमुळे. उडीद मात्र स्थानिक राहिले नाहीत. चव सगळीकडे एकसारखी हवी म्हणून माल एकत्र, लांबून खरेदी होऊ लागला. स्थानिक जिन्नस आणि मोठा रोजगार आपोआप हातात हात घालून चालत नाहीत, हे लिज्जतकडे पाहून लक्षात येतं.

हातच्या अन्नाचा प्रश्न सर्वांत उघडा पडला तो वरोऱ्याजवळ, आनंदवनात. बाबा आमटे यांनी १९५१ मध्ये मोजके कुष्ठरुग्ण आणि साधनाताईंसोबत तिथल्या खडकाळ जमिनीवर मुक्काम टाकला. विहिरी खोदल्या, भाजी पिकवली, गाई पाळल्या. दूध आणि भाजी गरजेपेक्षा जास्त होऊ लागली, पण गावात कुणी घेईना. बोटं झडलेल्या हातांनी काढलेलं दूध कोण पिणार? पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या स्वयंसेवी संस्थेचे परदेशी स्वयंसेवक बांधकामाला आले. ते आनंदवनात राहिले, तिथलंच जेवले. ते पाहून वरोऱ्याच्या लोकांची भीती ओसरली आणि भाजी विकली जाऊ लागली. बाबांचा आग्रह दानापेक्षा कामावर होता, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण काम करून पिकवलेलं कुणीतरी विकत घेऊन खाल्लं पाहिजे, ही अर्धी बाजू आपण विसरतो.

हा प्रश्न जुना होऊन संपला असंही नाही. शाळांच्या माध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २००४ मध्ये आदेशात सांगावं लागलं. २०१७ साली पुण्यात एका स्वयंपाक करणाऱ्या बाईंवर, जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला म्हणून पोलिसांत तक्रार झाली. राज्यभर संताप उसळल्यावर ती मागे घेतली गेली, पण तक्रार करावीशी वाटली, हेच पुरेसं बोलकं आहे.

अपंगत्वाच्या बाजूने कायदा हळूहळू सरकला. १९९५च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व मोजलं गेलं आणि सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखल्या गेल्या. त्या अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांच्यासाठी होत्या. बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा किंवा मुलगी त्या जागांच्या हिशेबात नव्हती. २०१६च्या कायद्याने प्रकार एकवीस केले, राखीव जागा चार टक्के केल्या आणि स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार यांना प्रथमच त्यात वाटा दिला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. खासगी मालकाने अमुक टक्के अपंग कर्मचारी घ्यावेत अशी सक्ती त्यात नाही. त्यामुळे विशेष शाळेतून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांच्या पालकांपुढे प्रश्न तसाच उभा राहिला, आणि पालक, शिक्षक यांनीच स्वयंपाकघरं काढली.

स्वयंपाकघरच का, याचं उत्तर कामाच्या स्वरूपात आहे. पाककृती मुळातच पायऱ्यांची असते. निवडणं, धुणं, मोजणं, मळणं, लाटणं, भरणं, चिकटपट्टी लावणं. एकाला तासभर एकाच लयीत लाडू वळायला आवडतं, दुसऱ्याला मोजमाप चोख जमतं. कृती चित्रांच्या कार्डांवर लावली, मापाच्या भांड्यावर रंगीत पट्टी चिकटवली की सूचना वारंवार द्यावी लागत नाही. लिज्जतने काम बायकांच्या दिवसाला बेतून वाटलं, इथे ते माणसाच्या कलाला बेतून वाटलं जातं.

स्थानिक जिन्नसांचा मेळ इथेच बसतो. आमसुलाचं उदाहरण घ्या. एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बी आणि गर वेगळा करायचा, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकायची, पुन्हा रस पाजायचा, पुन्हा वाळवायची. यंत्र लागत नाही, सबुरी लागते आणि हात पुष्कळ लागतात. नाचणी भाजणं, भाजणी दळणं, कुळीथ निवडणं, सगळं याच प्रकारचं काम. टिकाऊ कोरडा माल असल्याने कुणाला एक दिवस बरं वाटलं नाही म्हणून नुकसान होत नाही. २०१६ साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, आणि शहरातलं गिऱ्हाईक नाचणीच्या बिस्किटाला चार पैसे जास्त देऊ लागलं.

तरीही दिवाळीच्या फराळापुरती मागणी आणि एरवी शुकशुकाट, अशी यातल्या अनेक लहान उद्योगांची स्थिती असते. खाणावळवाल्या बायांना महिनाभराचं बांधलेलं गिऱ्हाईक होतं, अन्नपूर्णाला कँटीनची कामं मिळाली, लिज्जतने पावसाळ्यावरही तोडगा काढला. बारमाही मागणीशिवाय बारमाही पगार देता येत नाही. सरकारी कचेऱ्या, महाविद्यालयं आणि कंपन्यांच्या कँटीनचे ठेके देताना अशा स्वयंपाकघरांसाठी ठरावीक वाटा राखून ठेवावा, आणि बिलं महिन्याच्या आत चुकती व्हावीत. वाण्याला आधी आणि गिऱ्हाइकाकडून नंतर, हा गिरणगावातला पेच त्यांच्याही मागे लागलेला आहे.