रंगीत पिल्ले दगावतात ती बहुधा थंडीने

मुलांच्या हट्टापायी आठवडी बाजारातून आणलेली गुलाबी-हिरवी पिल्ले तीन-चार दिवसांत दगावली, की कोल्हापुरातल्या घरांतून ‘रंगाचे विष भिनले’ किंवा ‘दृष्ट लागली’ असे निदान होते आणि पुढच्या पिल्लांच्या पायात काळा दोरा बांधला जातो. दोऱ्याने ऊब मिळत नाही, आणि पिल्लाला पहिल्या आठवड्यात सर्वाधिक गरज असते ती उबेचीच.

एक दिवसाचे पिल्लू सुमारे 40 ग्रॅमचे असते, 1.8 किलोची कोंबडी त्याच्या 45 पट जड. आकार तोच ठेवून शरीर मोठे होते तेव्हा घनफळ लांबीच्या घनाने वाढते, पृष्ठफळ मात्र केवळ वर्गाने, त्यामुळे कोंबडीचे पृष्ठफळ पिल्लाच्या साधारण साडेबारा पटच भरते. उष्णता तयार होते शरीरभर, पण निसटते पृष्ठभागातून. म्हणजे दर ग्रॅम वजनामागे पिल्लाचा कोंबडीच्या तुलनेत सुमारे साडेतीन पट पृष्ठभाग हवेला उघडा असतो. त्यावर पिसे नसतात, लव असते, आणि ती भिजली की तिच्यात अडकलेली हवा, म्हणजे तिचे सारे संरक्षणच, निघून जाते. मानवी बाळाजवळ उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी असते. पक्ष्यांना ती नसते, आणि कुडकुडून ऊब निर्माण करण्याची पिल्लाची ताकद अजून तोकडी असते. ही उणीव कोंबडी आपल्या पोटाखाली घेऊन भरून काढते. ब्रूडरने, म्हणजे पिल्लांना कृत्रिम ऊब देणाऱ्या खोक्याने, तेवढेच काम करायचे असते.

घरी मोठे पुठ्ठ्याचे खोके पुरते. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली, पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर, 32 ते 35 अंश सेल्सिअस तापमान ठेवावे आणि दर आठवड्याला सुमारे 3 अंशांनी उतरवावे. एलईडी दिवा येथे निरुपयोगी ठरतो. जुना तारेचा बल्ब विजेचा बहुतांश भाग उष्णतेतच घालवतो, आणि त्याचा हा दोषच येथे गुण होतो. बल्ब घट्ट टांगावा आणि खोक्याच्या एकाच टोकाला ठेवावा, म्हणजे दुसरे टोक थंड राहते आणि पिल्लू आपली जागा स्वतः निवडते. बल्बखाली गर्दी करून चिवचिवाट चालला असेल तर ऊब कमी आहे; चोच उघडी टाकून, पंख पसरून पिल्ले कडेला गेली असतील तर जास्त आहे. बाजारात मिळणाऱ्या ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ थेंबांपेक्षा हे निरीक्षण कितीतरी मोलाचे आहे.

खाली वर्तमानपत्र अंथरू नये, कारण त्यावर पाय घसरून फाकतात. आजरा-चंदगडकडच्या भातगिरण्यांतले कोरडे तूस उत्तम. पाण्याच्या उथळ ताटलीत खडे टाकावेत, खाद्य म्हणून चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांसाठीचे तयार खाद्य, द्यावे, मानमोडी या कोंबड्यांच्या साथीच्या रोगावरील लसीविषयी पशुवैद्यकांना विचारावे आणि पिल्ले हाताळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत.

पाच-सहा आठवड्यांत अंगभर पिसे आली, की डिसेंबरातली थंड रात्र सोडली तर बल्ब बंद ठेवता येतो. रंगवलेली पिल्ले बहुधा अंड्यांच्या जातींतले नर असतात, तेव्हा पुढे अंड्यांची नव्हे, पहाटेच्या आरवण्याची तयारी ठेवावी.