लाल हायड्रोजन हिरवा कसा झाला

अंबाजोगाईजवळच्या आमच्या शेतातून काढलेला रोझेट तेजोमेघाचा, म्हणजे ताऱ्यांमधल्या वायू-धुळीच्या ढगाचा, फोटो मी आत्याला दाखवला. निळा गाभा, भोवती सोनेरी कडं. तिनं बराच वेळ मोबाईल हातात धरला आणि विचारलं, "वर खरंच असा रंग हाय का रे, का तू भरलास?" नॅरोबँड छायाचित्रण, म्हणजे प्रकाशाची एकेक अरुंद पट्टीच आत सोडणाऱ्या फिल्टरांनी फोटो, करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. हो किंवा नाही म्हणून तो सुटत नाही. हे रंग कुठून आले हे ठाऊक नसेल, तर ते निवडताना आपणही चाचपडत राहतो.

सुरुवात लंडनची. विल्यम हगिन्स यांचा घरचा व्यापार रेशमी कापडाचा. तो सोडून त्यांनी राहत्या घरी वेधशाळा बांधली. २९ ऑगस्ट १८६४ च्या रात्री त्यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून दाखवणारं उपकरण, वळवला. आज आपण त्याला 'मांजराचा डोळा' म्हणतो. ताऱ्यांसारखा सलग पट्टा दिसण्याऐवजी त्यांना मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे तो ताऱ्यांचा पुंजका नव्हता, चकाकणारा विरळ वायू होता. सर्वांत ठळक हिरव्या रेषेशी जुळणारं मूलद्रव्य पृथ्वीवर सापडेना, म्हणून 'नेब्युलियम' नावाचं नवंच मूलद्रव्य कल्पिलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी कोडं सोडवलं: ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. प्रयोगशाळेतल्या दाट वायूत अणू सारखे एकमेकांवर आदळतात, त्यामुळे हा प्रकाश बाहेर पडण्याआधीच ती ऊर्जा टकरीत निघून जाते. तेजोमेघात वायू इतका विरळ की अणूला निवांतपणा मिळतो. आपला 'ओ-थ्री' फिल्टर जी ५००.७ नॅनोमीटर तरंगलांबीची रेषा पकडतो, ती हीच.

डोळ्याला मात्र ती फिकटच दिसते. अंधारात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जवळजवळ बंद असतात आणि दंडपेशी काम करतात. त्यांची संवेदनशीलता ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. म्हणून मृगातला तेजोमेघ दुर्बिणीतून पाहणाऱ्यांना राखाडी किंवा किंचित हिरवट दिसतो. त्यातला हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश दंडपेशींना जवळपास दिसतच नाही. 'डोळ्यांना दिसतो तोच खरा रंग' हे माप लावलं, तर तेजोमेघांना रंगच उरत नाही.

कॅमेऱ्यालाही हा लाल बरीच वर्षं दिसत नव्हता. ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर यांनी मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला, तो फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाला दाद देणाऱ्या काचेवर (तेव्हा फिल्मऐवजी रसायन लावलेली काच असे). मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना हैदराबादची निजामिया वेधशाळा जगभरच्या आकाश-नकाशा प्रकल्पात सामील होती. खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेचा, उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा तिच्या वाट्याला आला होता आणि आठ इंची दुर्बिणीनं त्याच्या काचा टिपल्या गेल्या. त्या काचाही निळ्यालाच संवेदनशील. आपल्याच डोक्यावरचं आकाश इतक्या चिकाटीनं मोजणाऱ्यांना त्यातला हायड्रोजनचा लाल प्रकाश टिपता येत नव्हता, हे मला फार जाणवतं. लाल प्रकाशाच्या काचा आल्यावर चित्र पालटलं. अमेरिकेतल्या पॅलोमार वेधशाळेच्या आकाश-सर्वेक्षणाच्या लाल काचा धुंडाळून स्टुअर्ट शार्पलेस यांनी १९५९ मध्ये ३१३ हायड्रोजन मेघांची यादी केली. आत्याला दाखवलेला रोझेट त्यात २७५वा आहे.

रंगीत फोटोचा पाया मात्र त्याआधीच घातला गेला होता. १८६१ मध्ये जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी एका चौकड्याच्या फितीचे लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून तीन काळे-पांढरे फोटो काढवून घेतले आणि त्याच रंगांच्या प्रकाशात ते एकावर एक पडद्यावर पाडले. रंगीत फीत उमटली. यातली खरी गंमत शंभर वर्षांनी उघड झाली. मॅक्सवेल यांच्या काचा लाल प्रकाशाला संवेदनशील नव्हत्याच! त्यांच्या लाल गाळणीतून अतिनील किरणही जात होते, फितीचा लाल रंग ते परावर्तित करत होता आणि काचेवर उमटले ते किरण. म्हणजे रंगीत छायाचित्रणाच्या पहिल्याच प्रयोगात एका अदृश्य प्रकाशाला लाल रंग दिला गेला होता. 'खोटे रंग' हा शब्द कुणी वापरला की मला ही फीत आठवते.

आता आपल्या तीन फिल्टरांकडे. हायड्रोजन-अल्फा ६५६ वर, गंधकाचा 'एस-टू' ६७२ च्या आसपास, ऑक्सिजन ५०१ वर. पहिले दोन्ही लाल, त्यांच्यात जेमतेम १६ नॅनोमीटरचं अंतर. नैसर्गिक रंगात दाखवले तर ते एकमेकांत मिसळून जातात आणि गंधक कुठे आहे ते कळतच नाही. पण या तीन प्रकाशांची जन्मकथा वेगळी आहे. गंधकाचा एक इलेक्ट्रॉन काढायला सुमारे १०.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं माप) लागतात, हायड्रोजनचा काढायला १३.६. ऑक्सिजनचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा तर ३५ लागतात. म्हणून ऑक्सिजन अतितप्त ताऱ्यांच्या जवळ चमकतो, गंधक मेघाच्या कडांशी, आणि हायड्रोजन जवळपास सगळीकडे.

हाच फरक खगोलशास्त्रज्ञ जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांना हवा होता. १ एप्रिल १९९५ रोजी हबल दुर्बिणीनं त्यांच्यासाठी गरुड तेजोमेघातले वायू-धुळीचे खांब टिपले. ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशानं त्या खांबांचा वायू कसा उडून जातो, हा त्यांचा अभ्यासाचा प्रश्न. मग गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला गेला. ही मांडणी मनमानी नाही: सर्वांत लांब तरंगलांबीला लाल, मधलीला हिरवा, सर्वांत आखूडला निळा. क्रम निसर्गाचाच, फक्त ताणून मोठा केलेला. नोव्हेंबरमध्ये तो फोटो जाहीर झाला आणि ती मांडणी 'हबल पॅलेट' म्हणून रूढ झाली.

हौशी मंडळींनी ती उचलली आणि अडचणीही सोबत आल्या. हायड्रोजन बहुतेक मेघांत इतका वरचढ की सगळा फोटो हिरवागार होतो. मग हिरवा दाबायचा, पिवळ्याकडे वळवायचा. आज सगळीकडे दिसणारा सोनेरी-निळा अवतार त्यातूनच घडला. हिरवा दाबला की तारे जांभळट होतात, म्हणून तारे वेगळे काढून साध्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरांनी घेतलेले तारे परत बसवण्याची रीत आली. हायड्रोजनला लाल, ऑक्सिजनला हिरवा आणि गंधकाला निळा देणारी मांडणीही आहे. तिला कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बिणीचं नाव मिळालं. गंधक वगळून हायड्रोजनला लाल आणि ऑक्सिजनला हिरवा-निळा दोन्ही देणारी 'एचओओ' आहे. ऑक्सिजनची रेषा मुळातच निळसर हिरवी असल्यानं ही मांडणी निसर्गाच्या सर्वांत जवळ जाते. दोन रेषा एकदम सोडणारे फिल्टर आले, तेव्हापासून साध्या रंगीत कॅमेऱ्यावरही ती जमते. कमी पैशांत सुरुवात करणाऱ्या आमच्याकडच्या मुलांना मी हीच सांगतो.

मराठवाड्यात नॅरोबँडचा आणखी एक उपयोग आहे. गावोगावी सोडियमचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. सोडियमचा प्रकाश मुख्यतः ५८९ नॅनोमीटरजवळ एकवटलेला, त्यामुळे तो गाळणं सोपं होतं. एलईडीचा प्रकाश वर्णपटभर पसरतो. नॅरोबँड फिल्टरच्या तीन-चार नॅनोमीटरच्या फटीतून त्यातला फारच थोडा आत येतो, म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या गच्चीवरूनही हायड्रोजन पकडता येतो. चांदण्या रात्रीही तो चालतो. ऑक्सिजन मी अमावास्येच्या आसपास ठेवतो.

माझं मत विचाराल तर आधी तिन्ही काळ्या-पांढऱ्या फ्रेम शेजारी ठेवून बघाव्यात, मग रंग ठरवावेत. पावसाळा सरल्यावर संध्याकाळी डोक्यावर येणारा हंसातला वेल तेजोमेघ एचओओत खुलतो, कारण त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे धागे वेगवेगळे वाहतात. कॅलिफोर्निया तेजोमेघात ऑक्सिजन फार क्षीण. तिथे निळा ओढून ताणून आणला की फक्त खरखर वाढते. रोझेटमध्ये मात्र ऑक्सिजन मधल्या ताऱ्यांभोवती आणि गंधक कडेला, अगदी पुस्तकात दाखवावं तसं. तिथे हबल पॅलेट शोभते.

गरुड तेजोमेघ आपल्याकडे रात्री चांगला वर येतो तो जून-जुलैत, नेमका ढगांच्या दिवसांत. म्हणून आम्ही तो एप्रिल-मेमध्ये पहाटे धरतो, उन्हाळ्याची धूळ आणि तापलेला कॅमेरा सांभाळत. गेल्या मेमध्ये आत्या शेतावर मुक्कामाला होती. पहाटे तिला लॅपटॉपवर तीन फ्रेम दाखवल्या, एकही रंग न भरता. गंधकाच्या फ्रेमवर तिनं बोट ठेवलं, "ह्यात काठ लई साफ दिसतोय." त्या काठाला लाल दिला तो मी, पण काठ तिथे आहेच, एवढं तिला सांगितलं आणि पुढची फ्रेम लावली.