ऑपरेशन पोटाचं, फटका किडनीला

दोन्ही किडन्या मिळून शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्काही भरत नाहीत, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. तरीही त्यांच्या आतल्या भागात प्राणवायू कायम जेमतेमच असतो. त्यामुळे मोठ्या शस्त्रक्रियेत भुलीने रक्तदाब उतरला किंवा बराच रक्तस्राव झाला, की तिथल्या पेशींना त्याची झळ लवकर बसते.

आणि पंचाईत अशी, की हे लगेच कळत नाही. किडनी दुखत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी एरवी गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, वाढायला एक-दोन दिवस जातात. तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. त्यामानाने रुग्णाच्या नळीला जोडलेली लघवीची पिशवी लवकर खबर देते. वजनाच्या दर किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी लघवी सलग ६ तास झाली, तर किडनीला तीव्र इजा झाली असं धरतात.

यावर औषध शोधण्यात बरीच वर्षं गेली. अतिदक्षता विभागांत डोपामिन हे एरवी रक्तदाब वाढवायला वापरलं जाणारं औषध कमी मात्रेत सर्रास दिलं जाई. लघवी वाढे, सगळ्यांना हायसं वाटे. २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या चाचणीने दाखवून दिलं, की त्याने किडनी वाचत नाही.

सलाईनची गोष्ट आणखी गमतीची. जादा सलाईनने आतड्यांना आणि फुप्फुसांना सूज येते, म्हणून हात आखडता घ्यायची पद्धत रुजत होती. मग २०१८ साली पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ३,००० रुग्णांवरची चाचणी आली. सढळ सलाईन मिळालेल्यांत ५ टक्क्यांना किडनीची इजा झाली, तर हात आखडलेल्या गटात ८.६ टक्क्यांना!

माझ्या मते सर्वांत बोलका प्रयोग २०१७ सालचा, हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरचा. धोका जास्त असलेले रुग्ण किडनीवरचा ताण दाखवणाऱ्या लघवीतल्या घटकांवरून हेरले आणि साध्याच गोष्टी काटेकोरपणे केल्या: रक्तदाब आणि शरीरातलं पाणी सांभाळणं, साखर वाढू न देणं, किडनीला जड जाणारी औषधं टाळणं. इजेचं प्रमाण ७१.७ टक्क्यांवरून ५५.१ वर आलं.

रुग्णाने करायचं थोडंच आहे, पण ते महत्त्वाचं. दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांसकट सगळी औषधं भूलतज्ज्ञांना सांगावीत. रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. इजा झालीच असेल, तर बरं वाटू लागल्यावरही साधारण ३ महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यावं; दुखणं किडनीच्या जुनाट आजारावर गेलं की काय, ते तेव्हा कळतं.