सकाळी सहा ते दहा: सीमाभागातली कोविड ड्युटी आणि व्यसन

बेळगाव सीमाभागात व्यसन कोविडबरोबर आलं नाही. निपाणीच्या आसपास विडीची तंबाखू पिढ्यान्‌पिढ्या पिकते. बायकांची मिश्री आणि गड्यांच्या गालातली चुन्याची चिमूट इथं व्यसनात मोजलीच जात नाही. जुलै २००७ मध्ये कर्नाटकाने अरक, म्हणजे पाकिटातली स्वस्त देशी दारू, बंद केला, तेव्हा पाकिटाची जागा क्वार्टरने घेतली. महामारीत पुढे उभे राहिले ते याच घरांतले सफाई कामगार, होमगार्ड, रुग्णवाहिकेचे चालक, आशाताई.

२०२० च्या मार्चअखेर दारूची दुकानं बंद झाली, ती ४ मेला उघडली. रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तुटली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फेफरं येऊ शकतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, अंगात ताप असतो. त्या दिवसांत कुणालाही आधी कोविडच आठवणार. अशा माणसाला नुसतं ग्लुकोज लावणं ही नेहमीची चूक. आधी थायामिन (बी-१) द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. डायझेपामसारखं औषधही डॉक्टरांच्या नजरेखालीच, रोज थोडं कमी करत.

२०२१ च्या एप्रिलअखेर पुन्हा टाळेबंदी आली, पण या वेळी दारूचं पार्सल सकाळी सहा ते दहा चालू राहिलं. रात्रपाळी सुटते नेमकी तीच वेळ. निपाणीजवळ राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर रात्रभर आरटीपीसीआरचे दाखले तपासून, किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले देह उचलून निघालेल्याला दुकान उघडंच सापडायचं. क्वार्टरने डोळा लागतो खरा, पण तीन-चार तासांत झोप मोडते आणि समोर पुन्हा तोच वॉर्ड. मग दुसरी. अशी स्वप्नं, दचकणं, त्या जागेकडे फिरकायचं टाळणं महिन्यावर टिकलं तर तो आघातोत्तर ताण. दारू सोडवली म्हणून तो जात नाही. दोन्हींवर उपचार एकत्रच लागतात.

आशाताईंचा प्रश्न दारूपेक्षा मिश्रीचा. दारोदार सर्वे करायचा, वर 'हीच रोग आणते' हे ऐकायचं. जुलै २०२० मध्ये त्यांनी महिना बारा हजारांसाठी राज्यभर काम बंद ठेवलं. मिश्री लावायची तर मास्क खाली आणि बोट तोंडात, म्हणजे संसर्गाला वाटच.

दाखवायचं कुठं? जुनं मनोरुग्णालय धारवाडला, १८४५ पासूनचं. निपाणीहून दीडशे किलोमीटरच्या घरात. १४४१६ ही टेलि-मानसची, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेची, मोफत लाइन मराठीतही बोलते, पण ती सुरू झाली १० ऑक्टोबर २०२२ ला, दुसरी लाट ओसरून वर्ष उलटल्यावर.