रोलबारचं खोकं उघडायच्या आधी

रोलबार, म्हणजे गाडी उलटली तर डोकी वाचवणारी सीटच्या मागची पाइपची कमान, घेतलात, थँक्यू. फोनवर बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात की पाइप किती जाड आहे, आणि खरं सांगायचं तर तो दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पाइप कितीही दणकट असू दे, तो उभा आहे गाडीच्या फ्लोअरच्या पातळ पत्र्यावर. गाडी उलटली की सगळं वजन बारच्या चार पायांवर येतं आणि खाली आधार नसेल तर पाय सरळ पत्रा फाडून खाली उतरतात, बार शाबूत आणि डोकं मात्र खाली. म्हणून खोक्यातल्या त्या साध्या दिसणाऱ्या चार प्लेटा सगळ्यात महत्त्वाच्या, त्या पत्र्याच्या खालून लावायच्या असतात आणि पत्रा बारचा पाय आणि प्लेट यांच्या मधे दाबला जातो. मोठे वॉशर लावले तर चालेल का, असं विचारतात. नाही चालणार. एफआयएच्या (मोटर रेसिंगची जागतिक संस्था) नियमांतही मुख्य कमानीच्या प्रत्येक पायाखाली निदान ३ मिमी जाडीची आणि १२० चौरस सेंमीची प्लेट मागतात (तिथे ती वेल्ड करतात, आपला बार बोल्टचा आहे, तेव्हा रेससाठी आयोजकांना विचारूनच घ्या).

माझ्दा एमएक्स-५ सारख्या छोट्या दोन सीटच्या गाडीला पूर्ण दिवस धरा, आणि सोबत एक माणूस हवाच. आधी बॅटरी काढा. मग दोन्ही सीट, मागचं कार्पेट, बेल्टच्या बाजूची प्लॅस्टिकची कव्हरं. छताची मागची काच प्लॅस्टिकची असेल तर थंडीत ती दुमडू नका, चिरते. बार आत घेताना त्याला जुनी चादर गुंडाळा, नाहीतर रंगाचे पोपडे निघणार आणि नंतर आम्हाला फोटो येणार!

आता ड्रिलिंग, इथेच लोक घाई करतात. पेट्रोलची टाकी बऱ्याचदा सीटच्या मागेच, त्या शेल्फच्या पत्र्याखाली असते, एमएक्स-५ मध्ये तर असतेच, आणि फ्लोअरखालून ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइप जातात. गाडी स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही), खाली जाऊन हाताने चाचपून बघा की भोक कुठे उतरणार, पाइप मधे येत असेल तर क्लिप सोडून बाजूला सरकवा. बार जागेवर ठेवून त्याच्याच भोकांतून मार्किंग करा, सेंटर पंच मारा, आधी ३ मिमीचं बारीक भोक आणि मग मोठं. ड्रिल बिटवर लाकडाचा ठोकळा असा घाला की टोक जेमतेम सेंटीमीटरभर बाहेर राहील, म्हणजे पत्रा सुटला की बिट भसकन आत जात नाही. आणि कार्पेटवरून ड्रिल अजिबात मारू नका, एक धागा बिटला गुंडाळला की पुढची वीतभर पट्टी उसवून येते. पायाखालचं कार्पेट कापूनच टाका, कारण ते हळूहळू दबत जातं आणि बोल्ट ढिले पडतात. भोकाच्या कडा कानशीने साफ, त्यावर प्रायमर, मग सीलंट. हे टाळलंत तर गंज तिथूनच सुरू.

सगळे बोल्ट हाताने लागेपर्यंत एकही आवळू नका. दोन गाड्यांचं फ्लोअर अगदी सारखं कधीच नसतं, त्यामुळे शेवटचं भोक थोडं चुकलेलं वाटतं, तेव्हा बाकीचे सैल करून बार हलवा, जॅक लावून ताणू नका. आमचे एम१० चे (१० मिमी जाड) ८.८ ग्रेडचे (मजबुतीचा दर्जा) बोल्ट ४५ न्यूटन-मीटरला आवळा. सीटबेल्टच्या बोल्टचं वेगळं आहे, बहुतेक गाड्यांत त्यांचे आटे इंची असतात, ७/१६ चे, तिथे मिमीचा बोल्ट जबरदस्तीने फिरवलात तर आटे गेले. काढलेले बोल्ट तिथेच परत लावा आणि टॉर्क (आवळायचा जोर) गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या.

पॅडिंगबद्दल थोडं कडक बोलतो. रोज रस्त्यावर तुम्ही हेल्मेटशिवाय बसता आणि मागे डोक्याजवळ लोखंडाचा पाइप आहे, मागून साधी धडक बसली तरी डोकं त्यावर आपटू शकतं. पाण्याच्या पाइपवर चढवतात तो मऊ फोम चालत नाही, बोटाने दाबला की तळाला लागतो. एसएफआय ४५.१ (रेसिंगच्या सुरक्षा सामानाचं एक मानक) चं कडक पॅडिंगच घ्या, आणि सीट नेहमीच्या जागी ठेवून डोकं मागे टेकवून बघा, बारला लागतंय का ते.

ट्रॅकवर जाणार असाल तर हेल्मेट घालून बसा आणि बारच्या माथ्यापासून विंडस्क्रीनच्या वरच्या कडेपर्यंत सरळ काठी धरायला सांगा. हेल्मेट काठीच्या निदान ५ सेंमी खाली हवं, बरेच आयोजक हेच बघतात. उंच माणसाचं तिथेच अडतं, मग सीटचा फोम कमी करणं हा एक उपाय आहे.

छत एकदा सावकाश बंद-उघड करून बघा, कुठे घासत नाही ना. मग साधारण ३०० किमी चालवल्यावर सगळे बोल्ट परत टॉर्क रेंचने तपासा, सीलंट आणि रंग बसल्यावर एखाद-दुसरा थोडा फिरतोच.